लहान मुलांना वर-खाली, मागे-पुढे कसं समजतं? (आणि आपण 'तिकडे' म्हणणं कमी कसं करायचं)

सदाफुली

नमस्कार मंडळी, खूप दिवस हा धागा काढायचा मनात होतं. मी तीन ते पाच वयाच्या मुलांना शिकवते. रंग, आकडे, अक्षरं याबद्दल पालक भरभरून विचारतात, पण आत-बाहेर, वर-खाली, मागे-पुढे, शेजारी, मध्ये, भोवती याबद्दल क्वचितच कोणी विचारतं. ते आपोआप येतं असं सगळे धरून चालतात. येतंही थोडंफार, पण किती पक्कं आणि कधी येतं यात मुलामुलांत खूप फरक पडतो, आणि त्यात घरातल्या बोलण्याचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

दिवसभर आपण काय बोलतो ते एकदा ऐकून बघा. "तिकडे ठेव", "इथे बघ", "अरे ते काय तिथे आहे", आणि सोबत हात. मूल हाताच्या दिशेने बघतं, वस्तू उचलतं, काम होतं, जागेचा शब्द लागतच नाही. हात दाखवाच, लहान मुलांना हातामुळे खरंच मदत होते, पण त्याच वेळी शब्दही येऊ दे. "तिकडे आहे" ऐवजी "उशीखाली आहे", "दाराच्या मागे आहे", "दोन खोक्यांच्या मध्ये बघ". एवढा एकच बदल करायचा आहे, वेगळा वेळ काढून बसायला नको.

साधारण क्रम असा दिसतो की 'आत' आणि 'वर' आधी, मग 'खाली', हे दोन-अडीच वर्षांच्या आसपास. शेजारी, मध्ये, मागे, पुढे त्यानंतर, तीन ते चार-साडेचार या पट्ट्यात कधीतरी. डावं-उजवं तर फारच पुढे.

एक गंमत सांगते जी सगळ्या पालकांना माहीत असायला हवी. इव्ह क्लार्क नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्ये दाखवलं की अगदी लहान मुलं पुष्कळदा शब्दावर जातच नाहीत, वस्तू बघून ठरवतात. समोर पोकळ भांडं असेल तर वस्तू आत टाकणार, सपाट पृष्ठभाग असेल तर वर ठेवणार, तुम्ही काहीही म्हणा. म्हणजे "चेंडू खोक्यात टाक" म्हटल्यावर मुलाने टाकला तर त्याला 'आत' समजलं असं लगेच धरू नका, खोका बघून कोणीही आतच टाकेल. खोका पालथा घाला आणि मग "वर ठेव", "खाली ठेव", "शेजारी ठेव" असं म्हणून बघा, तेही नजरेने किंवा हाताने खूण न करता. तेव्हा खरं काय ते दिसतं. आणि नाही जमलं तर चूक म्हणायचं नाही, आपण करून दाखवायचं, "हा बघ, चेंडू खोक्याच्या शेजारी", आणि पुढे जायचं.

तुमच्याकडे काय काय करता, काय अडतं, लिहा सगळे.

---

रानवारा

चांगला विषय ताई. आमचं पिल्लू अडीच वर्षांचं. आत, वर, खाली बऱ्यापैकी येतं पण मागे आणि पुढे यात सतत गोंधळ. चित्रांची कार्डं आणलीत ज्यात खोका आणि चेंडू आहे, वर एक, आत एक, मागे एक असं. रोज दाखवतो, "चेंडू कुठे आहे?" विचारतो, तर 'मागे'च्या कार्डाला तो 'वर' म्हणतो आणि 'पुढे'च्या कार्डाला नुसतं "चेंडू" म्हणतो. आता तर कार्डं काढली की उठून जातो. अडीचला एवढं यायला हवं का? की कार्डंच चुकीची आहेत?

---

कागदीहोडी

रानवारा, मी वाचा-भाषा उपचाराच्या क्षेत्रात काम करते. मुलाचं उत्तर अगदी बरोबर आहे हो! कार्ड नीट बघा. कागद सपाट, त्यामुळे मागचा चेंडू काढताना चित्रकार तो थोडा वर काढतो आणि अर्धा झाकतो. मुलाला दिसतो खोक्याच्या वरच्या कडेवर डोकावणारा अर्धा चेंडू, तो त्याला 'वर' म्हणतो. अर्धं झाकलेलं म्हणजे मागे असलेलं, ही चित्राची रीत आहे आणि ती वेगळी शिकावी लागते. अडीचच्या मुलाकडून ती अपेक्षा नको.

मी ज्या क्रमाने जाते तो असा, की आधी मुलाचं स्वतःचं अंग. तो स्वतः टेबलाखाली जातो, पडद्याच्या मागे लपतो, दोन खुर्च्यांच्या मधून सरपटत जातो, चादरीच्या आत शिरतो आणि त्या क्षणी आपण म्हणतो "टेबलाखाली कोण आहे?", "आता बाहेर आला!". मग बाहुली किंवा अस्वल, तेही तसंच टेबलाखाली, पडद्यामागे. मग साध्या वस्तू, आणि चित्रं सगळ्यात शेवटी. कार्डं वाईट नाहीत पण बरेच जण सुरुवातच तिथून करतात आणि मूल कंटाळतं.

आणि मागे-पुढेचं म्हणाल तर त्यातही दोन प्रकार आहेत. बाहुली, खुर्ची, गाडी यांना स्वतःचं तोंड आणि पाठ असते, त्यामुळे "गाडीच्या मागे" म्हटलं की जागा ठरलेली, तुम्ही कुठेही उभे असा. चेंडूला, खोक्याला, झाडाला तोंड नाही. "झाडाच्या मागे" म्हणजे मी जिथून बघतोय तिथून पलीकडे, मी झाडाला वळसा घातला की मागे पण बदलतं. मुलांना तोंड असलेल्या वस्तूंचं मागे-पुढे आधी जमतं आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून तुम्ही खोका-चेंडू बाजूला ठेवा, खेळण्यातली गाडी आणि बाहुली घ्या. बाहुली गाडीच्या पुढे, बाहुली गाडीच्या मागे. गाडी चालवा, म्हणजे पुढची बाजू कुठली हे हालचालीतूनच दिसतं.

अजून एक, समजणं आधी आणि बोलणं नंतर. "मागे बघ" म्हटल्यावर वळून बघतो का हे बघा, तोंडाने "मागे" म्हणायची घाई नको. सारखं "कुठे आहे? सांग कुठे आहे?" विचारलं की ती परीक्षा होते. तुम्हीच सांगत राहा.

---

रानवारा

अरे हे कार्डाचं लक्षातच आलं नव्हतं. आत्ता परत काढून बघितलं, खरंच चेंडू वरच आहे! गाडी-बाहुली करून बघतो.

---

निळीछत्री

थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नका. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, बोलतो कमी, पण तासन् तास ठोकळे रचतो, जिगसॉ तर भराभर लावतो, कुठला तुकडा कसा फिरवला की बसेल हे त्याला हातात घ्यायच्या आधी कळतं. म्हणजे जागेची समज त्याला आहेच ना? मग सतत बोलत राहायचं कशासाठी? मला तर वाटतं की मूल एकाग्र होऊन काही करतंय आणि आपण शेजारी बसून "हां, आता तू वर ठेवलास, आता खाली ठेवलास" असं समालोचन करायचं हे त्याच्या खेळात लुडबूड करणं आहे. काही मुलांना शांतता लागते.

---

सदाफुली

राग कसला, हाच प्रश्न हवा होता. समालोचनाबद्दल तुमच्याशी सहमत आहे. मूल बुडून गेलेलं असताना गप्प बसावं.

पण समज आणि शब्द या दोन गोष्टी एकमेकींना हात देतात असं मला वाटतं, आणि ते नुसतं वाटणं नाही. अमेरिकेत शॅनन प्रुडेन, सुझन लिव्हाइन आणि जेनेलन हटनलोकर यांनी ५२ मुलांच्या घरी जाऊन, मुलं १४ महिन्यांची असल्यापासून ४६ महिन्यांची होईपर्यंत, पालक आणि मुलं रोजचं काय बोलतात ते रेकॉर्ड केलं. २०११ मध्ये ते छापून आलं. ज्या घरात असे शब्द जास्त, तिथली मुलं स्वतः ते जास्त वापरत होती, आणि जी जास्त वापरत होती ती पुढे साडेचार वर्षांची झाल्यावर आकृती मनात फिरवणं, जुळणारा नमुना शोधणं असल्या बिनशब्दांच्या चाचण्यांतही पुढे होती.

तुमच्या मुलाच्या जिगसॉबद्दलही आहे. लिव्हाइन बाईंच्याच गटाने २०१२ मध्ये दाखवलं की दोन ते चार वयात जी मुलं पझल खेळत होती ती नंतर आकृती मनात फिरवण्यात सरस होती. तेव्हा त्याचं चाललंय ते उत्तमच आहे, त्यात हात घालू नका.

शब्द घालायची जागा मला विचाराल तर खेळ अडतो तिथे. ठोकळा पडला, पूल टिकत नाही, तो तुमच्याकडे बघतो, तेव्हा "हा आडवा ठेवून बघू या का? दोन उभ्यांच्या वर?" एवढं एक वाक्य. किंवा दोघांनी मिळून काहीतरी ठरवून बांधायचं, गॅरेज म्हणा, बोगदा म्हणा. २०११ मध्येच ठोकळ्यांवर एक काम झालं होतं, त्यात पालक आणि मूल ठरलेलं काहीतरी मिळून बांधत होते तेव्हा मोकळ्या खेळापेक्षा जागेचे शब्द जास्त बोलले गेले. मिळून काम करायचं तर एकमेकांना सांगावंच लागतं, कुठे ठेवू, कशाच्या वर, कुठल्या टोकाला. तिथे शब्दाला काम असतं.

---

कागदीहोडी

सदाफुली, एक भर घालते कारण ५२ मुलांचा तो अभ्यास बरेचदा अर्धवट सांगितला जातो. त्यात जे शब्द मोजले ते मुख्यतः आकाराचे आणि मापाचे होते, गोल, चौकोन, उंच, लांब, वाकडा, कड, कोपरा अशा जातीचे. वर-खाली-मागे हे त्यात नव्हते. आणि तो सहसंबंध आहे, याच्यामुळेच ते झालं असं त्यावरून म्हणता येत नाही. तरी प्रत्यक्ष कामात मला जे दिसतं ते याच दिशेचं आहे म्हणून मीही पालकांना सांगते, पण सांगताना नुसतं मागे-पुढे न सांगता कड, टोक, कोपरा, काठ, तिरका, पालथा, उताणा, मधोमध हेही वापरा म्हणते. आपल्या भाषेत हे शब्द किती आहेत बघा, आणि आपण सगळ्यासाठी 'तिकडे' आणि 'असं' म्हणून मोकळे होतो.

---

निळीछत्री

हे पटलं. अडतो तिथे एक वाक्य, हे जमण्यासारखं आहे. आणि 'आडवा ठेव' हे मी कधी म्हणतच नाही, "असा ठेव" म्हणून फिरवून देते.

---

पिंपळपान

सुंदर चर्चा. मी निवृत्त शिक्षक, आता नातवंडांत रमलोय. नकाशाबद्दल लिहितो कारण तो विषय अजून निघाला नाही आणि माझ्या फार आवडीचा आहे.

ज्युडी डिलोच यांचा एक प्रयोग आहे, १९८७ साली छापलेला. एक खरी खोली आणि तिचंच छोटं मॉडेल, तशीच खुर्ची, तसंच कपाट, सगळं तसंच पण बारकं. मुलासमोर मॉडेलमधल्या छोट्या खुर्चीमागे छोटं खेळणं लपवायचं आणि सांगायचं की मोठं खेळणं मोठ्या खोलीत याच जागी लपलंय, शोध. तीन वर्षांची मुलं सरळ जाऊन काढायची. अडीच वर्षांची मुलं मोठ्या खोलीत जाऊन नुसती हिंडायची, आणि परत मॉडेलकडे आणलं की छोटं खेळणं कुठे आहे ते मात्र त्यांना पक्कं आठवायचं! म्हणजे विसर पडला नव्हता, छोटी खोली मोठ्या खोलीबद्दल काही सांगतेय हेच उमगत नव्हतं. पुढे १९९७ मध्ये त्यांनी अडीच वर्षांच्या मुलांना सांगितलं की हे यंत्र खोली आकसवतं, आणि मॉडेल म्हणजे तीच खोली बारीक झालेली. मुलांनी विश्वास ठेवला आणि खेळणं शोधून काढलं. दोन खोल्यांचा संबंध जोडायची गरजच उरली नाही, एकच खोली होती ना त्यांच्या लेखी. मला हा प्रयोग आठवला की आजही अंगावर रोमांच येतात, एवढ्याशा डोक्यात काय चाललेलं असतं!

तेव्हा तीन झाल्यावर घरी हे जरूर करा. पुठ्ठ्याच्या खोक्यात आपलीच खोली करायची, पलंग म्हणून काडेपेटी, कपाट म्हणून उभा ठोकळा. खोका खोलीतल्यासारखाच वळवून ठेवायचा, खिडकी खिडकीच्या बाजूला, दार दाराच्या बाजूला, ही बाब फार महत्त्वाची, फिरवलेला नकाशा लहान मुलांना खूप अवघड जातो (मोठ्यांनाही जातो). मग बटण लपवायचं आणि खरी वस्तू खोलीत शोधायची. ते जमलं की कागदावर वरून दिसणारी खोली, मग खजिन्याची खूण. चार-साडेचारची मुलं स्वतः नकाशे काढून तुम्हाला शोधायला लावतात, आणि तेव्हा "नाही आजोबा, पलंगाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला" अशी जी भाषा निघते तिला तोड नाही.

---

रानवारा

आजोबा, काडेपेटीचा पलंग लक्षात ठेवला, अजून थोडा मोठा झाला की नक्की करणार.

इकडे थोडी प्रगती. लपाछपी खेळतोय, तो लपतो आणि मी मोठ्याने बोलत शोधतो, "पलंगाखाली आहे का? नाही... दाराच्या मागे आहे का? नाही..." आणि तो आतून हसत बसतो. काल तो लपल्या जागेवरून ओरडला "बाबा मागे बघ, मागे!" आणि खरंच माझ्या मागच्या कपाटाआड होता. मला एवढा आनंद झाला काय सांगू.

एक विचित्र दिसलं ते विचारतो. पुठ्ठ्याच्या वाकड्या नळीतून चेंडू सोडला की तो नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघतच नाही, सोडलं त्याच्या बरोब्बर खाली शोधतो. पुन्हा पुन्हा. नळी दिसतेय की वळलेली!

---

पिंपळपान

"मागे बघ" वा! शाब्बास!

नळीचं अगदी सर्वसामान्य आहे. ब्रूस हूड यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच अभ्यासलं, आतलं न दिसणाऱ्या नळ्या एकमेकींत गुंतवलेल्या, आणि दोन-अडीच वर्षांची मुलं सरळ खालीच शोधत राहायची. सोडलेली वस्तू सरळ खाली पडते हा नियम त्यांच्या डोक्यात इतका घट्ट असतो की नळीवर मात करतो. चारच्या सुमाराला सुटतं. समजावू नका, खेळू द्या, बोटाने नळीवरून वाट काढत "इथून आत, असा वळला, इथून बाहेर" एवढं करा.

---

निळीछत्री

डाव्या-उजव्याबद्दल कोणी सांगेल का? शाळेतून सांगितलंय की चार पूर्ण झाले, आता डावं-उजवं यायला हवं, घरी सराव घ्या. बूटही उलटे घालतो, काही अक्षरं उलटी काढतो. आम्ही समोर बसवून "उजवा हात वर कर" करतो, तो माझ्याकडे बघून हमखास डावा करतो आणि मग रडकुंडीला येतो.

---

सदाफुली

निळीछत्री, आधी त्याचा सराव थांबवा, मनापासून सांगते. स्वतःचं डावं-उजवं नीट सांगता येणं हे साधारण पाच-सहाला येतं, आणि समोरच्या माणसाचा उजवा हात ओळखणं सात-आठपर्यंतही जातं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्या काळापासून हे निरीक्षण आहे. चारला येत नाही यात काही कमी नाही. बूट, उलटी अक्षरं हेही या वयात नेहमीचं, सहा-सातपर्यंत अक्षरं आरशातल्यासारखी निघतात बऱ्याच मुलांची.

आणि समोर बसून तर अजिबात नको. तुम्ही उजवा हात वर केला की त्याला तो स्वतःच्या डाव्या बाजूला दिसतो, तो त्याच बाजूचा हात उचलतो. तो तुमची नक्कल बरोब्बर करतोय! त्याच्या शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहा. वर्गात मी मुलांकडे पाठ करून हालचाली दाखवते त्याचं कारण हेच. एका हाताला काहीतरी कायमची खूण, स्टिकर किंवा मनगटाला दोरा, "हा स्टिकरवाला उजवा", आणि रोज एकाच हाताचं नाव घ्यायचं, दोन्ही एकदम नाही. शाळेला शांतपणे सांगा की वर-खाली-मागे-मध्ये पक्कं करतोय, हे नंतर.

---

कागदीहोडी

+१. समोर बसण्यावरून आठवलं, 'मला काय दिसतंय आणि तुला काय' हाही याच कुटुंबातला मुद्दा. पियाजे आणि इनहेल्डर यांचा तीन डोंगरांचा प्रयोग प्रसिद्ध आहे, टेबलावर तीन डोंगरांचं मॉडेल आणि पलीकडे बाहुली, बाहुलीला काय दिसतं विचारलं तर चारची मुलं स्वतःला दिसतं तेच चित्र निवडायची. पण १९७० च्या दशकात मार्टिन ह्यूज यांनी तोच प्रश्न खेळण्यातले पोलीस आणि त्यांच्यापासून लपणारा मुलगा असा मांडला, तर साडेतीनची मुलंही बहुतेक वेळा बरोबर जागी लपवायची. लपणं त्यांना ओळखीचं, त्याचं कारण समजतं, डोंगरांचं चित्र कशासाठी निवडायचं ते समजत नाही. रानवाराच्या लपाछपीत हेच तर चाललंय.

घरी करायचं असेल तर चित्राचं पुस्तक दोघांच्या मध्ये सपाट ठेवा, "तुला कासव सुलट दिसतंय, मला कसं दिसतंय?" तीनची मुलं "सुलट" म्हणतील, मग जागा बदलून दाखवा. चार-साडेचारला कळायला लागतं.

काळजी कधी करायची हेही लिहून ठेवते, कारण असे धागे नंतर बरेच जण वाचतात. तीन वर्षं पूर्ण होऊनही हाताची खूण न करता दिलेल्या साध्या सूचना, आत टाक, वर ठेव, खाली बघ, समजत नसतील तर आधी कानांची तपासणी करून घ्या, मग वाचा-भाषा तज्ज्ञांना दाखवा. खूण न करता हे महत्त्वाचं, घरी खुणांमुळे सगळं समजतंय असं वाटत राहतं. दोन भाषा बोलणाऱ्या घरात दोन्ही भाषांत तपासा, एकीत समजत असेल तर समज आहे.

---

अंगणवेल

पहिल्यांदाच लिहितेय, आत्तापर्यंत नुसती वाचत होते. आमच्या जुळ्या मुली सव्वातीनच्या. दोघींना खाली, मागे, शेजारी सगळं येतं पण 'मध्ये' काही केल्या बसत नाही. "दोन उशांच्या मध्ये बस" म्हटलं की एका उशीच्या शेजारी जाऊन बसतात दोघीही. यासाठी काही?

---

सदाफुली

अंगणवेल, स्वागत! 'मध्ये' उशिराच येतं कारण बाकी शब्दांना एक वस्तू पुरते आणि याला दोन लागतात, दोन्हीकडे एकदम लक्ष ठेवायचं असतं. मुलं पहिली उशी पकडतात आणि दुसरी सोडून देतात. आपण 'मध्ये' आतल्यासाठीही वापरतो, "पाण्यामध्ये", "खोक्यामध्ये", त्यानेही भर पडते, तेव्हा काही दिवस तिथे "पाण्यात", "खोक्यात" म्हणा.

उशा इतक्या जवळ ठेवा की बसल्यावर दोन्ही बाजूंना लागतील, घट्ट. अंगाला दोन्हीकडून स्पर्श झाला की पटकन कळतं. मग हळूहळू उशा लांब सरकवा. आणि तुमच्याकडे तर दोघी आहेत, तुम्ही मध्ये बसा आणि विचारा "आईच्या या बाजूला कोण? या बाजूला कोण? मग आई कोणाच्या मध्ये?" नंतर एकीला मध्ये घ्या, बाबांना एका बाजूला बसवा. सांगताना दोन्ही नावं घ्यायची, "आई आणि बाबांच्या मध्ये", नुसतं "मध्ये ये" नाही. आठवडाभराने कळवा काय झालं ते.